श्रेयनामावलीतला म्हातारा

आज एका कोड्यापासून सुरुवात करतो. कान महोत्सवात पारितोषिक मिळवणारा एक चित्रपट, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा दुसरा, आपल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर पटकावणारा तिसरा आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर जिंकणारा चौथा. या चारही चित्रपटांत काम केलेला मराठी नट कोण? सिनेमाचे जाणकार म्हणवणाऱ्या माझ्या काही मित्रांना मी हे विचारून पाहिलं आहे. कुणी डॉ. श्रीराम लागू म्हणतं, कुणी मोहन आगाशे. दोघंही मोठे नट, पण उत्तर ते नव्हे. उत्तर आहे नाना पळशीकर.

नाव सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, ‘अरे हो, तो म्हातारा!’ नभोवाणीवर चेहरा दाखवता येत नाही ही पंचाईत आहे, पण प्रयत्न करतो. खोल गेलेले डोळे, बसलेले गाल, अंगावर मांस म्हणून नाही, आणि बोलायच्या आधी एकदा आवंढा गिळावा तसा गळा. साठीच्या पुढच्या कुणाही प्रेक्षकाला हा चेहरा ठाऊक असतो. नावाशी मात्र त्याची गाठ पडलेली नसते. हे असं का झालं, याचा इतिहास मला आज सांगायचा आहे. त्यात नानांच्या अभिनयाइतकाच पुरस्कार नावाच्या व्यवहाराचाही इतिहास आहे.

१९५२ साली मुंबईत आपला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि त्यात डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ दाखवला गेला. इटलीतली युद्धानंतरची गरिबी, खऱ्या रस्त्यांवरचं चित्रण, हरवलेल्या सायकलीमागे धावणारा बाप. आपल्याकडचे अनेक दिग्दर्शक त्यानं हलले. बिमल रॉय त्यांतले एक. वर्षभरात त्यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. कथा सलील चौधरींची, पटकथा हृषीकेश मुखर्जींची. शंभू महतो या शेतकऱ्याची दोन बिघे जमीन जमीनदाराला गिरणीसाठी हवी आहे. शंभूच्या हिशेबानं देणं पासष्ट रुपये. कोर्टात ते दोनशे पस्तीसच्या घरात जातं. तीन महिन्यांत पैसे भरायचे म्हणून शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. बलराज साहनींनी या भूमिकेसाठी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखर रिक्षा ओढली, ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते आणि ती सांगावी अशीच आहे.

पण शंभू जमीन का सोडत नाही? विकून मोकळा का होत नाही? याचं उत्तर त्याच्या बापात आहे. गंगू महतो हा म्हातारा चित्रपटात फार बोलत नाही. जमीन ही त्याच्या लेखी मालमत्ता नाही. ती विकणं म्हणजे आईला विकणं. हा म्हातारा पटला नाही तर चित्रपटाचा सगळा डोलारा कोसळेल, कारण मग दोन बिघे म्हणजे नुसतं क्षेत्रफळ उरतं. हा गंगू म्हणजे नाना पळशीकर. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो फिल्म सोसायटीच्या एका खेळाला, घासलेल्या प्रिंटवर. आवाज मधूनच जायचा. आवाज गेला तेव्हासुद्धा म्हाताऱ्याचं काय चाललंय ते कळत होतं, एवढं आठवतं.

आता पुरस्कारांकडे वळू. चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले ते १९५३ सालच्या चित्रपटांपासून. पहिला समारंभ १९५४ मध्ये झाला. पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं, हे प्रत्येक मराठी माणसाला पाठ असतं. त्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचं अखिल भारतीय प्रशस्तिपत्र मिळालं. १९५४ मध्येच कान महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि फिल्मफेअरच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपट व सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक हे दोन्ही मान.

मात्र त्या पहिल्या वर्षी फिल्मफेअरचे पुरस्कार होते फक्त पाच. चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका आणि संगीत. सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार नव्हताच! तो पुढच्या वर्षी, १९५५ मध्ये सुरू झाला आणि ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड यांना मिळाला, अभिनेत्रींत आपल्या उषाकिरण यांना ‘बादबान’साठी. राष्ट्रीय पुरस्कारांत तर नटाला वैयक्तिक पुरस्कारच नव्हता. तो आला १९६७ सालच्या चित्रपटांपासून आणि तोही नायक-नायिकांना. म्हणजे गंगू महतो पडद्यावर आला तेव्हा त्याला द्यायला या दोन्हींकडे एकही बक्षीस अस्तित्वात नव्हतं.

यात हिंदुस्थानचाच दोष आहे असं नाही. ऑस्करवाल्यांनीही सुरुवातीची आठ वर्षं सहाय्यक कलाकारांकडे पाहिलं नव्हतं. १९३६ च्या चित्रपटांपासून त्यांनी हा पुरस्कार सुरू केला, पण नायकाला पुतळा आणि सहाय्यकाला नुसती पाटी अशी त्यांची वाटणी होती. वॉल्टर ब्रेननसारखा नट तीन वेळा हा पुरस्कार जिंकला तो त्या पाटीच्या काळात. पूर्ण उंचीचा पुतळा द्यायला पुढे १९४० चं दशक उजाडावं लागलं. पंगतीत वरची पाटं आणि खालची पाटं आपल्याकडेच असतात असं समजायचं कारण नाही.

नानांना मान मिळालाच नाही, असंही मी म्हणणार नाही. १९६० मध्ये बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ आला. एकही गाणं नसलेला हिंदी चित्रपट, हे त्या काळी धाडसच होतं. फाशीची शिक्षा चुकीच्या माणसाला झाली तर काय, हा त्याचा विषय. अशोककुमार न्यायाधीश, राजेंद्रकुमार वकील आणि खुनाच्या आरोपात सापडलेला भुरटा चोर म्हणजे नाना. बडे लोक कायद्याचा कीस काढत असतात आणि हा पिंजऱ्यात उभा. त्याच्या जिवाचा प्रश्न चालला आहे आणि त्याला त्यातलं निम्मं कळत नाही. या कामासाठी १९६२ मध्ये त्यांना सहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. तीन वर्षांनी पुन्हा तेच पारितोषिक मिळालं, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘शहर और सपना’साठी.

‘शहर और सपना’ आज फारसा कुणी पाहत नाही. १९६३ च्या चित्रपटांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक यालाच मिळालं होतं. मुंबईत डोक्यावर छप्पर नसलेलं एक जोडपं रस्त्याकडेला पडलेल्या मोठ्या पाइपात संसार थाटतं, एवढी त्याची गोष्ट. अब्बास मुळात पत्रकार, त्यामुळे चित्रपटात मधूनमधून अग्रलेख डोकावतो. मला ते खटकतं. पण फुटपाथवरची माणसं त्यांनी जिवंत उभी केली. नायक-नायिका नवखी होती. तोल सांभाळायला मनमोहन कृष्ण, डेव्हिड, अन्वर हुसेन आणि नाना पळशीकर ही जुनीजाणती मंडळी घेतली होती. नवख्यांना सांभाळून घेणं हाही चरित्र अभिनेत्याच्या कामाचा भाग असतो. त्याचं बक्षीस कुठल्या यादीत नसतं.

यानंतरची सतरा वर्षं मी ओलांडतो. पुष्कळ चित्रपट आले, गेले. पोटासाठी केलेल्या कामांची यादी कुठल्याही चरित्र अभिनेत्याची लांबच असते.

१९८० मध्ये गोविंद निहलानींचा पहिला चित्रपट आला, ‘आक्रोश’. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची. लहान्या भिकू या आदिवासीवर स्वतःच्या बायकोच्या खुनाचा आरोप आहे. खरे गुन्हेगार गावातले प्रतिष्ठित. लहान्या तोंड उघडत नाही. ओम पुरीनं जवळजवळ एक शब्द न बोलता ही भूमिका केली आणि ती गाजली. रास्तच होतं. पण लहान्याच्या घरात आणखी एक गप्प माणूस आहे, त्याचा म्हातारा बाप. पुन्हा नाना पळशीकर! लहान्याचं मौन कुठून आलं हे पाहायचं असेल तर या बापाकडे पाहावं. मुलाच्या गप्प राहण्यात संताप कोंडलेला आहे. बापाच्या गप्प राहण्यात तोही उरलेला नाही. पिढ्यान् पिढ्या मार खाल्लेल्या माणसाचं ते गप्प राहणं आहे.

चित्रपटाचा शेवट या म्हाताऱ्याच्या मरणाभोवती रचलेला आहे, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. बापाला अग्नी देण्यासाठी लहान्याला बेड्यांसकट तुरुंगातून आणतात. चिता पेटते आणि आपल्या बहिणीच्या वाट्याला बायकोचं नशीब येऊ नये म्हणून लहान्या कुऱ्हाड उचलून तिलाच संपवतो. मग तो ओरडतो. सगळ्या चित्रपटाचं नाव ज्या एका किंकाळीवर आहे, ती म्हाताऱ्याच्या चितेशेजारी उठते. बाप जिवंत असेपर्यंत ती दबलेली होती. १९८१ च्या दिल्ली महोत्सवात ‘आक्रोश’ला सुवर्णमयूर मिळाला.

त्याच सुमारास रिचर्ड ॲटनबरो भारतात ‘गांधी’चं चित्रण करत होते. चित्रणाच्या दुसऱ्या तुकडीचं काम निहलानींकडे होतं. या चित्रपटात मराठी माणसांची दाटी किती, हे आता आपण विसरत चाललो आहोत. कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी, गोपाळ कृष्ण गोखले डॉ. लागू, शिवाय मोहन आगाशे. वेशभूषा कोल्हापूरच्या भानू अथैया यांची, जॉन मोलो यांच्या जोडीनं. अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत जवळपास तीन लाख माणसं जमली होती. पडद्यावर ती दोन-अडीच मिनिटं दिसतात. आणि चंपारणच्या प्रसंगात एका झोपडीत एक आजारी शेतकरी बॅरिस्टर गांधींना आपली कर्मकहाणी सांगतो. ते आपले नाना.

प्रसंग छोटा आहे. निळीचं पीक जमीनदारांनी सक्तीनं लावायला लावलं, आता निळीला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते खंड रोख मागतात, द्यायचा कुठून? असं तो सांगतो. इतिहास असा, की जर्मनीत कृत्रिम नीळ तयार होऊ लागल्यावर हा धंदा बसला आणि निळवाल्या साहेबांनी तोटा कुळांच्या डोक्यावर लादला. तिथल्या पद्धतीला ‘तीनकठिया’ म्हणत. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावलीच पाहिजे, असा तो नियम. १९१७ च्या चंपारण सत्याग्रहाचं मूळ त्या तीन कठ्ठ्यांत आहे. दोन बिघ्यांसाठी झुरणारा १९५३ चा बाप तीस वर्षांनी पुन्हा बिघ्या-कठ्ठ्यांचंच दुखणं सांगत होता, या वेळी इंग्रजीतून. गांधी काही न बोलता ऐकतात. बेन किंग्जलेचं ते ऐकणं उत्तमच आहे, पण ऐकण्यासारखं कुणी सांगितलं म्हणून ते ऐकणं दिसतं.

एप्रिल १९८३ मध्ये ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाली. भानूताई ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. पुढे २०१२ मध्ये त्यांनी तो पुतळा सांभाळण्यासाठी अकादमीकडेच परत पाठवला आणि २०२० मध्ये त्या गेल्या. रोहिणीताईंना ब्रिटिश अकादमीचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. श्रेयनामावलीत नानांच्या भूमिकेला नाव नाही. तिथे नुसतं ‘खेडूत’ असं आहे. त्याच्या बायकोच्या भूमिकेपुढे ‘खेडुताची बायको’.

पुरस्कार चित्रपटाला मिळतो तेव्हा तो निर्माता घेतो, दिग्दर्शक घेतो. हे चुकीचं आहे असं नाही; कुणीतरी घ्यायलाच हवा. माझा मुद्दा एवढाच, की चित्रपट ‘सर्वोत्कृष्ट’ ठरतो तो कशामुळे, याचा हिशेब मांडताना आपण नेहमी वरून खाली मोजतो. एखादा चित्रपट खालून वर मोजून पाहावा. ‘दो बिघा जमीन’मधून गंगू काढा, ‘आक्रोश’मधून लहान्याचा बाप काढा. काय उरतं?

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सहाय्यक अभिनेता आणि सहाय्यक अभिनेत्री हे पुरस्कार अखेर सुरू झाले ते १९८४ च्या चित्रपटांपासून. पहिले मानकरी ‘घरे बाइरे’साठी व्हिक्टर बॅनर्जी आणि ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी. ‘पार्टी’ही निहलानींचाच, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून केलेला. नाना पळशीकर त्याच १९८४ साली गेले.

२०२५ मध्ये ‘दो बिघा जमीन’ची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. घासलेल्या प्रिंटवर ज्यांचा चेहरा आम्ही अंदाजानं पाहिला, त्यांच्या कपाळावरच्या आठ्याही आता स्पष्ट मोजता येतील. संधी मिळाली तर जरूर पाहा, आणि शंभू गाव सोडून निघतो तेव्हा त्याच्याकडे न पाहता मागे राहिलेल्या म्हाताऱ्याकडे पाहा.