मेद, स्नायू आणि वजनकाटा : मेदक्षयाच्या त्रिविध उपायाचा इतिहास

प्रस्तावना

शरीरातील अतिरिक्त मेद कमी करावयाचा असेल तर मोजका आहार, दम वाढविणारा व्यायाम आणि वजने उचलण्याचा व्यायाम या तिहींची जोड घालावी, हा सल्ला आज डॉक्टरांपासून गल्लीतील व्यायामशाळेच्या प्रशिक्षकापर्यंत सर्वजण देतात. तो इतका परिचयाचा झाला आहे की त्याला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः ही तीन साधने तीन निरनिराळ्या प्रांतांत, निरनिराळ्या हेतूंनी वाढली. आहाराचा विचार वैद्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञांनी केला. दमसासाचा हृद्रोगाच्या अभ्यासकांनी केला. भारव्यायाम मात्र दीर्घकाळ पहिलवानांचा आणि रंगमंचावर शक्तीचे प्रयोग करणाऱ्यांचाच राहिला. ही तिन्ही साधने एका सल्ल्यात एकत्र येण्यास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. हा विलंब का झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे मुख्य कारण वजनकाट्यावरील आपला विश्वास हे होय. काटा एकूण भार दाखवितो. त्या भारात मेद किती आणि स्नायू किती, हे तो सांगत नाही.

प्राचीन विचार आणि बँटिंगचे पत्रक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन निंद्य देहांचा विचार आला आहे. तेथील स्थूलाचे वर्णन मननीय आहे. स्थूल मनुष्याच्या शरीरात मेदच वाढत जातो, इतर धातूंचे पोषण तसे होत नाही, आणि देहाच्या वाढीच्या मानाने त्याचा उत्साह तोकडा पडतो, असे तेथे म्हटले आहे. याउलट ज्याचे मांस सम प्रमाणात आहे आणि ज्याची बांधणी घट्ट आहे, त्याला प्रशस्त मानले आहे. म्हणजे येथे कसोटी प्रमाणाची आहे, भाराची नाही. उपाय सांगताना पचण्यास जड परंतु पुष्टी न देणारे अन्न, जव, सावा, कोद्रू, मूग, कुळीथ यांसारखी धान्ये आणि क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम यांचा निर्देश आहे. यावरून चरकाला आजचे शरीरक्रियाविज्ञान अवगत होते असा दावा करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. तेथील धातुविचाराची चौकट वेगळी आहे आणि तिच्यात भारव्यायामाला स्वतंत्र स्थान नाही. तथापि मेद आणि मांस यांना वेगळे मोजण्याची दृष्टी तेथे आहे, एवढे निश्चित.

आधुनिक काळात ही दृष्टी मागे पडली. लंडनमध्ये अंत्यविधीच्या व्यवस्थेचा व्यवसाय करणारे विल्यम बँटिंग हे गृहस्थ स्थूलपणामुळे इतके जेरीस आले होते की त्यांना जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. प्रथम त्यांनी पहाटे नौका वल्हविण्याचा व्यायाम केला. त्याने अंगात जोम आला, पण भूकही वाढली आणि वजन वाढतच राहिले. पुढे विल्यम हार्वे या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी पाव, साखर, बटाटे, बिअर आदी पदार्थ वर्ज्य केले. ऑगस्ट 1862 मध्ये 202 पौंड असलेले त्यांचे वजन वर्षभरात 156 पौंडांवर आले. हा अनुभव त्यांनी 1863 मध्ये पत्रकरूपाने प्रसिद्ध केला. ते इतके गाजले की त्यांचे आडनाव इंग्रजीत आहारनियमनाचे क्रियापद होऊन बसले. व्यायामाने भूक वाढते, सबब तो निरुपयोगी, ही समजूत या पत्रकाने सर्वसामान्यांच्या मनात रुजविण्यास हातभार लावला. घटलेल्या 46 पौंडांत स्नायू किती गेले, हा प्रश्न बँटिंगना पडला नाही. त्या काळी तो पडण्याचे कारणही नव्हते.

पुढे अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणसाला बंद कोठडीत ठेवून त्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली आणि अन्नातील उष्मांकांचे गणित बसविले. 1918 मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी उष्मांक मोजून खाण्याची पद्धत सामान्य वाचकांपर्यंत नेली. आहाराची बाजू अशी अंकांत बांधली गेली. व्यायामाची बाजू मात्र अंकांच्या बाहेरच राहिली.

तालीम, सँडो आणि औंध

महाराष्ट्रातील तालमींकडे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब हे सर्व प्रकार बल, दम आणि चपळता यांसाठी होते. दूध, तूप, बदाम हा खुराक अंगाला लागावा म्हणून होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी बांधविलेले खासबाग मैदान 1912 मध्ये उभे राहिले, तेव्हा तेथे उतरणाऱ्या मल्लाला वजन घटविण्याची विवंचना नव्हती. म्हणून आपल्या पूर्वजांनी मेदक्षयाचे शास्त्र तालमीत सिद्ध केले होते, असे म्हणणे हा कालविपर्यास ठरेल. तालमीने जपले ते स्नायू. आणि कसरत सुटल्यावरही खुराक चालू ठेवणाऱ्या मल्लाचे पोट कसे सुटते, हे कोणत्याही गावात पाहावयास मिळे.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. युजेन सँडो या युरोपीय शक्तिवीराची कीर्ती हिंदुस्थानात पोहोचली होती. 1904-05 मध्ये त्याचा येथे दौराही झाला. भवानरावांनी त्याची साधने मागवून वर्षानुवर्षे व्यायाम केला आणि पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले आणि 1938 मध्ये लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. भार उचलण्यापासून लयबद्ध, श्वासाशी जोडलेल्या हालचालींकडे झालेला हा प्रवास म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात दोन व्यायामपरंपरांची पडलेली गाठ होय. मात्र तेव्हाचा प्रश्न राष्ट्राच्या दुर्बलतेचा होता, स्थूलतेचा नव्हता.

काट्यावरील विश्वासाला तडे

भार आणि मेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अंकांनी दाखविण्याचे श्रेय अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांना जाते. 1942 मध्ये त्यांनी 25 व्यावसायिक फुटबॉलपटूंचे वजन पाण्याखाली घेऊन त्यांच्या शरीराची घनता काढली. प्रचलित कोष्टकांप्रमाणे त्यांतील 17 जण अतिवजनामुळे सैन्यसेवेस अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या शरीरात मेद अल्पच होता. काट्याने स्नायूंनाच दोषी ठरविले होते.

उलट दिशेचा धडा अन्सेल कीज यांच्या मिनेसोटा येथील प्रयोगातून मिळाला. 1944-45 मध्ये युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणारे 36 तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि आठवड्याला 22 मैल चालणे सक्तीचे होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. मेद गेला, तसेच स्नायूही गेले. पोटभर अन्न मिळू लागल्यावर मेद आधी परतला आणि स्नायू मागे राहिले. हा प्रयोग उपासमारीच्या अभ्यासासाठी होता आणि ते तरुण स्थूल नव्हते, हे खरे. पण कमी खाणे आणि चालणे एवढ्यावरच भिस्त ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असा आहे. गंमत अशी की याच कीज यांनी 1972 मध्ये उंची आणि वजन यांच्या केटलेकृत गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव देऊन त्याचा पुरस्कार केला आणि काट्याचे राज्य आणखी काही दशके वाढविले.

हालचालींच्या बाजूनेही याच सुमारास पुरावा जमू लागला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत सतत जिने चढणाऱ्या वाहकांना बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृद्रोग कमी होतो, असे जेरेमी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखविले. तीन वर्षांनी गणवेशाच्या विजारींची मापे तपासली असता चालकांच्या कमरा मुळातच मोठ्या असल्याचे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. स्वतःच्याच निष्कर्षाला छेद देऊ शकणारा पुरावा प्रसिद्ध करण्याचा हा प्रामाणिकपणा विरळा म्हटला पाहिजे. 1956 मध्येच जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील 213 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम व जड कामाच्या पट्ट्यात श्रमाबरोबर आहार वाढत होता. परंतु अगदी बैठे काम करणारे लोक कमी खात नव्हते, उलट अधिक खात होते आणि त्यांची वजनेही अधिक होती. बँटिंगच्या वेळेपासून चालत आलेल्या समजुतीला हे एका भारतीय गिरणीतून मिळालेले उत्तर होते.

भारव्यायामाला वैद्यकात प्रवेश मिळाला तो युद्धातील जखमींमुळे. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म यांनी दुखावलेल्या गुडघ्यांसाठी हलक्या व्यायामाऐवजी क्रमाने वाढत जाणारा जड भार वापरला आणि 1945 मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. परंतु 1968 मध्ये केनेथ कूपर यांच्या 'एरोबिक्स' या पुस्तकाने धावण्याची लाट आणली आणि भार पुन्हा अडगळीत गेला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या 1978 च्या शिफारशीत दमसासाच्या व्यायामाचाच विचार होता. स्नायूंच्या व्यायामाचा समावेश 1990 च्या सुधारित शिफारशीत झाला.

एकत्रीकरण आणि भारतीय देह

आहारनियमनाच्या काळात भार उचलल्यास स्नायू टिकतात, हे 1988 मध्ये बॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 स्थूल स्त्रियांवरील आठ आठवड्यांच्या प्रयोगातून दाखविले. तिहेरी जोडीचे फळ काय, याचे अधिक काटेकोर उत्तर पुढे मिळाले. 2012 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात आहार न बदलता केवळ व्यायामप्रकारांची तुलना झाली. मेद घटविण्यात दमसासाचा व्यायाम सरस ठरला आणि त्यात भार मिळविल्याने मेद आणखी घटला नाही. स्नायू मात्र वाढले. वजने उचलल्यानेच चरबी जळते, अशी जाहिरात करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावयास हवे. 2017 मध्ये 160 स्थूल वृद्धांवरील प्रयोगात आहारनियमनासह व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे 9 टक्के, घटले. काट्याच्या दृष्टीने तिघे समान. परंतु मेदविरहित देहभार केवळ दमसास करणाऱ्यांत 5 टक्के, दोन्ही व्यायाम करणाऱ्यांत 3 टक्के आणि केवळ भार उचलणाऱ्यांत 2 टक्के घटला. खुर्चीतून उठणे, जिना चढणे यांसारख्या क्रियांत सर्वाधिक सुधारणा दोन्ही व्यायाम करणाऱ्या गटात झाली.

भारतीयांच्या दृष्टीने या अंकांना विशेष महत्त्व आहे आणि त्याचे कारण पुण्यात सापडते. 2004 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' मध्ये पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, 22.3, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्याची धावपळ, अशी विनोदी कबुलीही त्यात होती. जन्मतः कमी वजन, म्हणजे गर्भावस्थेतील कुपोषण, हेही एक संभाव्य कारण सुचविले होते. पुण्याजवळील खेड्यांत 1993 पासून चाललेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात लहानखुऱ्या अर्भकांतही मेद तुलनेने टिकून असल्याचे आढळले होते. बेन्के यांच्या खेळाडूंवर काट्याने अन्याय केला. आपल्याकडील सडपातळ माणसाला त्याने खोटे अभय दिले.

ज्याच्याजवळ स्नायूंचे भांडवलच तुटपुंजे आहे, त्याने केवळ भात सोडून आणि सकाळचा फेरफटका मारून पाच किलो घटविले, तर त्या पाचांत स्नायूंचा वाटा किती, हा प्रश्न चैनीचा राहत नाही. आपल्याकडील वजन घटविण्याच्या बहुतेक चर्चेत तो विचारलाच जात नाही. भारतीय तज्ज्ञांनी मात्र त्याची दखल घेतली आहे. 2009 च्या मतैक्यानुसार भारतीयांसाठी स्थूलतेची सीमा 25 वर आणली गेली आणि कमरेचे माप पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर ठरले. काट्याच्या जोडीला शिंप्याची फीत आली. 2012 च्या व्यायामविषयक मार्गदर्शनात रोज साठ मिनिटांची वाटणी केलेली आहे : निदान तीस मिनिटे दमसास, पंधरा मिनिटे कामाच्या ओघातील हालचाल आणि पंधरा मिनिटे स्नायूंचा व्यायाम. या शेवटच्या पंधरा मिनिटांत जोर-बैठका सहज बसतात, आणि त्यांना साधन लागत नाही.