पोटावरचा हात

अचलपूर हें पाण्याच्या काठचें गांव. सापन आणि बिच्छन ह्या दोन नद्या त्याला लागून वाहतात, आणि हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा तळ्याच्या मध्यभागीं अजून उभा आहे. अशा गांवांतून बुडालेल्याला बाहेर काढण्याचे प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या येत आले, आणि जमलेल्या लोकांचा पहिला हात जाई तो पोटावर. कोणी बुडालेल्याला पालथें घालून पोटाखालीं घागर सरकवी, कोणी खांद्यावर टाकून धांवत सुटे, कोणी कुंभाराच्या चाकावर निजवून फिरवी. पोटांतलें पाणी निघालें कीं प्राण परत येतो, अशी ही समजूत. ती चुकीची होती. पण पोटावर पडलेल्या ह्या हाताला पुढें वैद्यकांत लांबलचक आणि काहींसा विलक्षण इतिहास घडला.

युरोपांतील लोक ह्या बाबतींत अधिक शहाणे होते असें मुळींच नाहीं. तेथें बुडालेल्याला पिंपावर लोळवीत, घोड्यावर आडवा टाकून घोडा दौडवीत. १७६७ सालीं आम्‌स्टरडॅम येथें आणि १७७४ सालीं लंडन येथें बुडालेल्यांस वांचविण्यासाठीं मंडळें निघालीं, तेव्हांपासून ह्या गोष्टीचा पद्धतशीर विचार होऊं लागला. एडिंबराचे प्राध्यापक शेफर ह्यांनीं १९०३ च्या सुमारास जी रीति सांगितली, ती पुढें सेंट जॉन अँब्युलन्सच्या वर्गांतून जगभर शिकविली गेली. रोग्यास पालथें निजवावयाचें, त्याच्या कमरेवर व खालच्या बरगड्यांवर तळहात ठेवून अंगाचा भार हळूच पुढें टाकावयाचा आणि सोडावयाचा. मिनिटाला बारा ते पंधरा वेळां. पोट जमिनीवर दाबलें जाई, त्यामुळें पडदा वर सरके आणि श्वास बाहेर पडे. म्हणजे घागरीचें काम जमीन करीत होती! हृदयाकडे मात्र ह्या रीतींत कोणाचें लक्ष नव्हतें.

हृदय आधीं थांबतें कीं श्वास, ह्या वादाचा एक अध्याय तर ह्या प्रांताच्या अगदीं शेजारीं, हैदराबादेस, लिहिला गेला. वऱ्हाड त्या काळीं इंग्रजांच्या कारभाराखालीं असलें तरी नांवाला निजामाचेंच होतें, आणि अचलपुराजवळ परतवाड्यास निजामाच्या नांवानें ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. क्लोरोफॉर्म दिलेलीं माणसें शस्त्रक्रियेच्या मेजावरच कां दगावतात, हें शोधण्यासाठीं रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी ह्यांनीं १८८८ व १८८९ अशा दोन वेळां कमिशन बसविलें. दुसऱ्या खेपेस निजामांनीं एक हजार पौंड देऊन लंडनहून लॉडर ब्रंटन ह्यांना बोलावलें. शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले आणि निकाल ठरला कीं श्वास सांभाळा, नाडीची काळजी करूं नका. हा निकाल खोटा ठरला. १९११ सालीं गुडमन लेव्ही ह्यांनीं दाखविलें कीं, हलक्या क्लोरोफॉर्मच्या गुंगींतहि हृदय एकाएकीं थरथरूं लागून निकामी होतें. मधल्या वीस-बावीस वर्षांत किती रोग्यांची नाडी कोणी पाहिलीच नसेल, ह्याचा हिशेब कोण देणार?

थांबलेलें हृदय हातानें चालविण्याची कल्पना तोंवर शस्त्रवैद्यांच्या मनांत आली होती. १९०२ सालीं लंडनच्या आर्बथनॉट लेन ह्यांनीं पोटाची शस्त्रक्रिया चालू असतां रोग्याचें हृदय थांबलेलें पाहिलें, आणि उघड्या पोटांतून हात घालून पडद्याच्या आडूनच तें चोळलें, रोगी वांचला. पण छाती वा पोट न फाडतां हेंच काम करतां येतें, ह्याची जगाला खात्री पटली ती १९६० सालीं. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स येथें कौवेनहोवन, ज्यूड व निकरबॉकर ह्यांनीं छातीच्या हाडावर नुसते दोन्ही हात दाबून हृदय चालविलें आणि वीस रोग्यांपैकीं चौदा वांचल्याचें प्रसिद्ध केलें. निकरबॉकर ह्यांना हें सुचलें तें योगायोगानें: कुत्र्याच्या छातीवर विजेचीं जड तबकें ठेवतांना रक्ताचा दाब किंचित् वाढलेला त्यांना दिसला. छातीवरच्या हातानें मिळणारा रक्ताचा ओघ मात्र निरोगी हृदयाच्या मानानें फारच थोडा. तेव्हां पोटाकडे पुन्हां नजर वळली. १९६७ च्या सुमारास कुत्र्यांचें पोट सतत दाबून धरून पाहिलें, तों दाब वाढला खरा, पण यकृत फाटलें. १९७१ सालीं रेडिंग ह्यांनीं पोटाला पट्टा बांधून अधिक कुत्रीं वांचविलीं. तथापि यकृताच्या भीतीनें पुष्कळांनीं हा नाद सोडला.

पोटांतील दाबाचा अभ्यास महाराष्ट्रांत ह्याच्या कितीतरी आधीं सुरू झाला होता, आणि तो इस्पितळांत नव्हे, एका आश्रमांत. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत तयार झालेले व अमळनेरास शिक्षक म्हणून राहिलेले गृहस्थ. उड्डियान व नौलि ह्या क्रिया करतांना पोटांत नेमकें काय घडतें, हें ग्रंथांतरीच्या वर्णनावर न सोडतां क्ष-किरणांनीं व पाऱ्याच्या दाबमापकानें पाहावें, अशी त्यांची जिद्द. नौलि चालू असतां मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो, असें त्यांना आढळलें. ह्या पोकळीला त्यांनीं आपले गुरु माधवदास ह्यांचें नांव दिलें. १९२४ सालीं लोणावळ्यास त्यांनीं कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक काढलें. त्यांचें ध्येय आरोग्याचें होतें, मेलेल्यास उठविण्याचें नव्हे. पण पोट ही एक मोजतां येण्यासारखी दाबाची पेटी आहे, हें त्यांनीं येथें दाखवून दिलें.

ह्या पेटीचा हृदयाशीं काय संबंध, हेंहि योग्यांच्याच निमित्तानें कळलें. नाडी व हृदय इच्छेनें थांबवितों असें म्हणणाऱ्या कांहीं योगाभ्यासकांची परीक्षा वेंगर, बागची व आनंद ह्या तिघा शास्त्रज्ञांनीं केली व १९६१ सालीं ती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके ऐकूं येईनात, मनगटाची नाडी हाताला लागेना. पण विद्युत्-आलेख स्पष्ट सांगत होता कीं हृदय चालूच आहे. श्वास कोंडून छाती व पोटाचे स्नायू आवळल्यामुळें शिरांतून हृदयाकडे येणारें रक्तच आटत होतें, आणि रिकामें हृदय आवाज तो काय करणार? दावा फुटला, पण धड्याची किंमत दाव्याहून मोठी निघाली.

हें सूत्र उलटें वापरण्याचें कौशल्य १९७६ सालीं जपानच्या ओहोमोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें आणि १९८२ सालीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या रॅल्स्टन, बॅब्स व नीबॉर ह्यांनीं तें कुत्र्यांवर नीट पारखलें. पोट सतत दाबून धरावयाचें नाहीं. छाती व पोट आळीपाळीनें दाबावयाचीं. एकानें छाती दाबून सोडली कीं दुसऱ्यानें बेंबी व छातीचें हाड ह्यांच्या मधोमध पोट दाबावें, छाती पुन्हां दाबतांच सोडावें. पोटांतल्या महाधमनीवर दाब आला कीं तिच्यांतलें रक्त वर ढकललें जातें व हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत शिरतें. तसेंच पोटांतल्या शिरांचें रक्त हृदयाकडे लोटलें जातें, म्हणजे पंपांत पाणी आधींच भरून ठेवावें तसें. मोटेच्या दोन बैलांना जसा ताल हवा तसा येथें दोन माणसांना हवा. ताल चुकला कीं लाभ गेला.

माणसांवर प्रयोग झाले तेव्हां निकाल मात्र एकसारखे लागले नाहींत. १९८५ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी येथें रुग्णवाहिकेंतील माणसांनीं ही रीति वापरून पाहिली; साध्या रीतीहून कांहीं अधिक लाभ दिसला नाहीं. पुढें १९९२ सालीं सॅक, केसेलब्रेनर व ब्रेगमन ह्यांनीं इस्पितळांतील रोग्यांवर ती वापरली, आणि फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता: हृदय पुन्हां चालू होण्याचें प्रमाण शेंकडा सत्तावीसवरून एक्कावन्नवर गेलें, आणि घरीं परत जाणाऱ्यांचें शेंकडा सातवरून पंचवीसवर. यकृताची जुनी भीतिहि खरी ठरली नाहीं. रस्त्यावर व इस्पितळांत एवढा भेद कां? कारण उघड आहे असें वाटतें: इस्पितळांत माणसें शिकलेलीं आणि वेळेवर हजर असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशननें २००० व २०१० च्या नियमावलींत ह्या रीतीला इस्पितळापुरती, आणि तीहि पुरेशीं प्रशिक्षित माणसें असतील तरच, परवानगी दिली. त्याच्या मध्येंच, २००७ सालीं, पर्ड्यूच्या गेडीस ह्यांनीं छातीला हात न लावतां नुसतें पोट दाबून डुकरांवर प्रयोग केले. बरगड्या मोडण्याचा धोका त्यांत नाहीं, हें त्याचें आकर्षण; पण हा शोध जनावरांपलीकडे फारसा सरकलेला नाहीं.

घरांत कोणी कोसळलें तर त्याच्या पोटावर हात ठेवावा काय? भारतांतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१७ सालीं अशिक्षित नागरिकांसाठीं जी रीति जाहीर केली, तिच्यांत पोट नाहीं, तोंडाला तोंड लावणेंहि नाहीं. मदतीस हांक मारावी, रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन्ही हात ठेवून मिनिटाला एकशेवीस वेळां, पांच सेंटिमीटर तरी खोल पण सहांहून अधिक नाहीं, असें दाबावें. प्रत्येक वेळीं छाती पूर्ण वर येऊं द्यावी. बुडालेल्याच्या बाबतींत मात्र ज्याला येत असेल त्यानें श्वास देणें आधीं करावें, कारण त्याचें हृदय हवेअभावीं थांबलेलें असतें. आणि त्याचें पोट तर दाबूंच नये: पोटांतलें पाणी तोंडाशीं येऊन उलट फुप्फुसांत उतरतें. तिकडे इस्पितळांत पोटावरच्या हाताला तीन माणसें लागतात, एक छातीवर, एक पोटावर आणि एक श्वासाला. रात्रीच्या वेळीं दूरच्या तालुक्याच्या दवाखान्यांत तीं तिघें एकाच खाटेशीं मिळतील कीं नाहीं, ह्यावर त्या रीतीचें तेथलें भवितव्य अवलंबून आहे.