करवीरची प्राचीन राजधानी आणि तेथील बौद्ध अवशेष

आश्विन शुद्ध पंचमीस, म्हणजे ललितापंचमीस, करवीरनिवासिनी अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते व तेथें कोहळा फोडण्याचा विधि होतो. कोल्हासुराच्या वधाचें हें स्मरण होय, अशी परंपरा आहे. या कथेवरून कोणी असा तर्क करील कीं, येथें पूर्वीं बौद्ध धर्म होता व देवीच्या उपासकांनीं तो बळानें उखडून टाकिला. या तर्काचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धास मात्र पुरावा प्रतिकूल आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पूर्वार्ध पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या चरणांत खुद्द कोल्हापूर शहरांत एका मोठ्या स्तूपाचे अवशेष सांपडले. त्यांतील करंडकावर ब्राह्मी लिपींत लहानसा प्राकृत लेख आहे. दान बम्ह नामक गृहस्थाचें, व तें सिद्धीस नेलें धमगुतानें, एवढाच त्याचा आशय. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळें येथें बौद्ध लेणींही आहेत.

हें स्थळ त्या काळीं केवळ धर्मक्षेत्र नव्हतें. पंचगंगेच्या कांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर शिशाचीं नाणीं मिळालीं. त्यांवर धनुष्यबाणाचें चिन्ह असून वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर व गोतमिपुत विळिवायकुर हीं राजनामें आहेत. टॉलेमी या ग्रीक भूगोलकारानें हिप्पोकुरा ही बलेओकुरोस राजाची राजधानी म्हणून सांगितली आहे. बलेओकुरोस म्हणजे विळिवायकुर हें नामसाम्य विद्वानांनीं मान्य केलें असून, हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असावें, असें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं सुचविलें. पुढें १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं ब्रह्मपुरीचें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहन, शिलाहार व बहामनी अशा तीन काळांचे थर उघड झाले. याच टेकडीवर पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ति निघाली; ती टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहे. पश्चिमेकडील व्यापाराचा माल सह्याद्रीच्या घांटावर चढून येथवर येत होता, हें त्यावरून सिद्ध होतें.

आतां उत्तरार्ध. कोल्हापूरचे शिलाहार राजे महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभल्याचें बिरुद मिरवीत. त्यांच्यापैकीं गंडरादित्यानें मिरजप्रांतीं इरुकुडी येथें गंडसमुद्र नांवाचा तलाव बांधिला आणि त्याच्या कांठीं ईश्वर, बुद्ध व अर्हत् या तिघांची स्थापना करून प्रत्येकाच्या पूजेस जमीन नेमून दिली. हें शके १०३२ (इ. स. १११०) च्या ताम्रपटांत नमूद आहे. बौद्ध धर्म देशाच्या बहुतेक भागांतून ओसरला असतां देवीचा भक्त म्हणविणारा राजा बुद्धपूजेस इनाम देतो. ही गोष्ट धर्मवैराच्या कल्पनेशीं जुळत नाहीं. बौद्ध संप्रदाय येथें क्षीण झाला तो राजाश्रयाच्या द्वेषानें नव्हे, एवढें तरी या एका दानावरून निश्चित म्हणतां येतें.

नवरात्रांत व चैत्री पौर्णिमेच्या जोतिबाच्या यात्रेस लक्षावधि लोक करवीरीं येतात. त्यांपैकीं ब्रह्मपुरीची वाट धरणारे विरळा. माहात्म्यग्रंथ घरींही वाचतां येतो. भूमींतील पुरावा मात्र एकदां पाया खणतांना फेकला गेला कीं पुन्हा मिळत नाहीं. म्हणून टेकडीच्या परिसरांत खापर, नाणें वा वीट निघाल्यास तें स्थळाची व खोलीची नोंद करून संग्रहालयास कळवावें, ही आमची कोल्हापूरकरांस विनंति आहे.