पार्थाच्या घोड्यांची शुश्रूषा

सज्जनहो, युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. त्या रात्री पांडवांच्या शिबिरात कोण कोणाचे डोळे पुसणार? सुभद्रा शोकाने व्याकूळ, उत्तरा गर्भवती. भगवान परमात्मा तरी परका कुठे? सुभद्रा त्याची बहीण, अभिमन्यू त्याचा भाचा. त्यानेच रात्री त्या माउलींचे सांत्वन केले. तिकडे अर्जुनाची प्रतिज्ञा झालेली : उद्या सूर्य मावळण्याआधी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. पुत्र तर गेलाच, आता त्याच्या बापाचा जीवही एका दिवसावर येऊन ठेपला.

चौदाव्या दिवसाची कथा आपण जयद्रथवधासाठी ऐकतो. सूर्य झाकला, पुन्हा दिसला, तेवढे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या आधीचा, द्रोणपर्वातला एक प्रसंग मात्र घाईत मागे राहून जातो.

अवंतीचे विंद आणि अनुविंद आडवे आले, त्यांना अर्जुनाने मारले. पण रथाचे घोडे थकले होते, अंगात बाण रुतले होते. जयद्रथ अजून दूर. एक एक घटका मोलाची. अशा वेळी अर्जुन म्हणाला, घोडे सोडावेत, त्यांच्या अंगातले बाण काढावेत. भगवंत म्हणाले, माझ्याही मनात तेच आहे.

अर्जुन रथाखाली उतरला आणि पायउतार होऊनच साऱ्या सैन्याला थोपवून उभा राहिला. घोड्यांना पाणी नव्हते. त्याने बाणाने भूमी भेदून जलाशय केला, वर बाणांचेच छत उभारले. त्या आडोशाला जगाच्या मालकाने काय केले? स्वतःच्या हातांनी एकेक शल्य उपसले, अंग चोळले, घोड्यांना लोळू दिले, पाणी पाजले, न्हाऊ घातले, चारा दिला. त्यांचा शीण गेल्यावरच त्यांना पुन्हा जुंपले. शत्रूचे सैन्य पाहतच राहिले.

आता कोणी म्हणेल, घोडे चालल्याशिवाय रथ कसा चालणार? ही स्वार्थाचीच गोष्ट. खरे आहे. पण आपल्या घरी काय होते ते पाहा. घरात आजारपण आले, मृत्यू झाला, भावाभावांत कज्जा लागला, की पहिली विसरली जाते ती गोठ्यातली दावण. लंगडणारे तट्टू काही बोलत नाही. जुने सालोत्री सांगत, घोड्याचा एक पाय दुखावला तर उरलेल्या पायांकडेही बघा. सगळा भार त्यांच्यावर येतो आणि तेही बिघडतात. कुटुंबाचेही असेच नाही का? एक माणूस खचले की ओझे उरलेल्यांवर पडते, आणि त्यात मुक्याचा वाटा कोणी मोजत नाही.

सालोत्री हा शब्दच शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आला. अश्वविद्या आपल्याकडे हलकी मानली नाही. विराटाच्या घरी नकुल ग्रंथिक नावाने अश्वशाळेतच राहिला. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले. त्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ माउलींसाठी मोकळी. रिंगणात त्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो.

मग माझे मागणे एवढेच. ती माती लावणाऱ्या हातांनी रथाच्या बैलाच्या खांद्यावर जू घासले आहे का तेही पाहावे. दिंडीतले जनावर लंगडले तर ओझे उतरवावे, पाणी दाखवावे, जाणत्या डॉक्टरला बोलवावे. त्याला चाबूक दाखवू नये. घरावर संकट असेल तेव्हा तर हे आधी करावे. दुःखाने सुन्न झालेल्या माणसाला करता येण्यासारखे एक काम त्यात सापडते. भाच्याच्या मृत्यूनंतरचा दिवस भगवंताने असाही घालवला : एका हाती लगाम, दुसऱ्या हाती घोड्याच्या जखमेतून काढलेला बाण.

राम कृष्ण हरि.