पाठीवरचा व्रण

‘रग’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. रग म्हणजे शीर, आणि रग म्हणजे ताठाही. आज बोलायचं आहे ते सर्वांत मोठ्या रगेविषयी, महाधमनीविषयी.

काही मुलांची ही महाधमनी जन्मतःच एका जागी आवळलेली असते, कुणी दोरा करकचून बांधावा तशी. मग डोक्याकडे आणि हातांत रक्तदाब चढतो, पायांची नाडी मात्र जेमतेम लागते. मॉड ॲबट या बाईंनी १९२८ साली अशा दोनशे रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांतले कितीतरी ऐन उमेदीत गेलेले होते.

ऑक्टोबर १९४४मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी तो आवळलेला तुकडा कापला आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवली. पुढच्याच वर्षी बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनीही ते साधलं. मुलं जगली, मुलीही जगल्या. त्या मोठ्या झाल्या, संसाराला लागल्या, आणि त्यांना दिवस गेले! शिवण बाळंतपणाचा भार सोसेल का, हा प्रश्न तेव्हा कुठे पुढे आला.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, धमनीची भिंतही सैलावते. शिवणीजवळ ती फुगू शकते. क्वचित आतला पदर फाटतो, आणि ते जिवावर बेततं. जर्मनीत फॉसशुल्टे यांनी १९५७मध्ये ठिगळ लावायची रीत काढली. पुढे डेक्रॉनची ठिगळं आली. ठिगळ टिकलं, पण कित्येकांच्या बाबतीत त्याच्या समोरची भिंत वर्षांनंतर फुग्यासारखी फुगली. १९६६मध्ये अमेरिकेत वाल्डहाउझेन यांनी डाव्या हाताची रक्तवाहिनीच उलगडून तिथे जोडली. अशा बाईच्या डाव्या हाताचा रक्तदाब फसवा, कमीच दाखवतो.

घाबरवण्याचा हेतू नाही. यांतल्या बहुतेक जणी सुखरूप बाळंत होतात. खरी अडचण आहे ती ‘लहानपणी ऑपरेशन झालं, आता बरी आहे’ या समजुतीची. कागद माहेरच्या ट्रंकेत, आणि लग्न ठरवताना व्रणाचा विषयच नको! प्रसूतितज्ज्ञाला ते कळायचं कसं?

डाव्या खांद्याखाली, पाठीवर तसा जुना व्रण असेल, तर दिवस जाण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञाकडून महाधमनीचा एमआरआय करून घ्यावा. नंतर दर भेटीत रक्तदाब मोजायला उजवा हात पुढे करावा.