आघातोत्तर तणावविकार : एका निदानाची कुळकथा

आघातोत्तर तणावविकार, म्हणजेच पीटीएसडी, हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत १९८० साली प्रथम दाखल केले. भीषण प्रसंगातून वाचलेल्या माणसाला तो प्रसंग स्वप्नात आणि जागेपणीही पुन्हा घडत असल्याचा भास होणे, त्याची आठवण देणारी ठिकाणे व माणसे त्याने टाळत राहणे आणि धोका टळल्यावरही त्याचे शरीर-मन अखंड सावध राहणे, ही या विकाराची मुख्य लक्षणे होत. ती पूर्वीच्या वैद्यांनाही दिसत होती. वाद होता तो त्यांचे मूळ प्रसंगात मानावे की माणसाच्या दुबळेपणात, याविषयी, आणि उपचारांची दिशाही त्या उत्तरावरच ठरत गेली.

पहिल्या महायुद्धात स्मृती, दृष्टी किंवा वाचा गमावलेल्या, पण अंगावर जखम नसलेल्या सैनिकांच्या अवस्थेला ‘शेलशॉक’, म्हणजे तोफगोळ्याच्या स्फोटाचा धक्का, असे म्हटले जाऊ लागले आणि केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी १९१५मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा तीन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. स्फोटाच्या जवळपासही नसलेले सैनिक त्याच लक्षणांनी खचू लागले, तेव्हा ब्रिटिश लष्कराने रुग्णांचे दोन वर्ग पाडले. शत्रूच्या माऱ्यामुळे आजारी पडलेला सैनिक ‘जखमी’ ठरून जखमेच्या सन्मानपट्टीला आणि निवृत्तिवेतनाला पात्र होई, तर दुसरा नुसताच ‘आजारी’ ठरे. एकाच यातनेची अशी प्रतवारी लावणे हा वैद्यकाचा नव्हे, तर हिशेबाचा व्यवहार होता, आणि १९१७मध्ये तर आघाडीवरच्या कागदपत्रांत ‘शेलशॉक’ हा शब्द वापरण्यासही मनाई झाली.

त्याच वर्षी एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर (निलगिरीतील तोडा जमातीवरील ग्रंथामुळे ते भारतीय अभ्यासकांनाही परिचित आहेत) अधिकारी रुग्णांवर उपचार करीत होते. झालेले विसरा आणि मन रमवा, हा तेव्हाचा सार्वत्रिक सल्ला; रिव्हर्स यांना मात्र असे दिसले, की दिवसभर निकराने दाबलेली आठवण रात्री अधिक उग्र होऊन परतते. आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शरीर पाहिलेल्या एका अधिकाऱ्याला तेच दृश्य स्वप्नात छळत असे. शरीराची ती अवस्थाच मृत्यू क्षणार्धात आल्याचा पुरावा आहे, म्हणजे मित्राला तडफडावे लागले नाही, हे रिव्हर्स यांनी त्याच्या लक्षात आणून दिले. त्यानंतर त्याचे स्वप्न बदलले आणि त्यात तो मित्राशी बोलू लागला. आठवण पुसायची नाही, तिच्याकडे पाहण्याची अशी बाजू शोधायची की ती सोसवेल, ही आजच्या उपचारांतील एक मध्यवर्ती कल्पना येथे स्पष्ट दिसते. जिच्यात अशी कोणतीही सुसह्य बाजू सापडली नाही अशा आठवणीचीही नोंद रिव्हर्स यांनी लपवली नाही, आणि यातच त्यांचे मोठेपण आहे.

शांतता येताच हे ज्ञान मागे पडले. अमेरिकन पुस्तिकेच्या १९५२च्या पहिल्या आवृत्तीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेला जागा होती, परंतु निरोगी माणूस त्यातून लवकरच सावरतो असे गृहीत धरलेले होते. १९६८च्या दुसऱ्या आवृत्तीत, व्हिएतनाम युद्ध पेटलेले असतानाच, तेही निदान वगळले गेले. ही पोकळी रुग्णांनीच भरून काढली. व्हिएतनामहून परतलेले युद्धविरोधी सैनिक १९७०च्या अखेरीपासून न्यूयॉर्कमध्ये गटागटाने जमून एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागले आणि चेम शॅटन व रॉबर्ट जे लिफ्टन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले. बोस्टनमध्ये परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक ॲन बर्जेस आणि समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९७४मध्ये त्यांच्या लक्षणांचे वर्णन केले, ते सैनिकांच्या लक्षणांशी विलक्षण मिळतेजुळते होते. रणांगण आणि घर यांतील यातनांना १९८०मध्ये एकच नाव मिळाले, त्यामागे ही जुळणी होती.

उपचारांतील पुढचे मोठे पाऊलही या स्त्रियांसोबतच पडले. एडना फोआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१मध्ये बलात्कारपीडित स्त्रियांवरील तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या दीर्घ अनावरण उपचारपद्धतीत रुग्ण सुरक्षित वातावरणात, उपचारकाच्या सोबतीने तो प्रसंग वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतो आणि टाळलेल्या, पण वस्तुतः निर्धोक असलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने जाऊ लागतो. टाळल्याने भीती तात्पुरती शमते, परंतु ती निराधार असल्याचा अनुभव घेण्याची संधीच नाहीशी होते, म्हणून ती टिकून राहते, हे या पद्धतीमागचे तत्त्व होय. याच सुमारास पॅट्रिशिया रेसिक यांनी विकसित केलेल्या पद्धतीत ‘दोष माझाच’ यांसारख्या, प्रसंगानंतर मनात घट्ट बसलेल्या समजुती लिहून काढून तपासल्या जातात.

१९८०च्या विवरणात मात्र एक उणीव राहिली होती : कारणीभूत प्रसंग सर्वसामान्य मानवी अनुभवाच्या पलीकडचा असतो, असे तेथे म्हटले होते. घरातील मारहाण आणि लैंगिक अत्याचार असंख्य स्त्रियांच्या व मुलांच्या नित्याच्या जगण्याचाच भाग असल्याचे पुढे आलेल्या माहितीने उघड केल्यावर ती अट टिकणे शक्य नव्हते, आणि १९९४च्या चौथ्या आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली.