आधी बोल, मग कागद

पत्रकारितेच्या आणि नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत भाषणलेखन आणि पटकथालेखन हे आता रीतसर विषय झाले आहेत. मुलं पानाच्या मधोमध उभी रेघ मारतात, डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज लिहितात, सेकंदांचा हिशेब ठेवतात. छत्तीसगडमधल्या भिलाई-दुर्गच्या मुलांना असं शिक्षण घरापासून तासाभराच्या अंतरावर मिळू लागलं ते २००५ साली, रायपूरला कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता व जनसंचार विद्यापीठ सुरू झालं तेव्हा. त्या मानानं विषय नवा वाटतो. पण त्याची वंशावळ काढत मागे गेलं, तर एक वाट थेट भिलाईच्याच मैदानावर येते, आणि तिथे कागद सर्वांत शेवटी आलेला दिसतो.

दुसऱ्यासाठी भाषण लिहून देण्याचा धंदा फार जुना आहे. अथेन्सच्या न्यायालयात फिर्यादीला आणि आरोपीला स्वतःच बोलावं लागे, म्हणून लिसियससारखे लेखक पैसे घेऊन त्यांना भाषणं लिहून देत. पुढे ॲरिस्टॉटलनं या कलेचं शास्त्र केलं. आपल्याकडे नाट्यशास्त्रानं वाचिक अभिनयाला स्वतंत्र स्थान दिलं. मराठीत तर हा क्रम डोळ्यांसमोर घडला. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पदं लिहिलेली होती, पण त्यांच्यामधलं बरंचसं गद्य नट आयत्या वेळी बोलत. संवाद आधी लिहून, पाठ करून करायची 'बुकिश' नाटकं नंतर आली. वि. ज. कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' हे १८६१चं नाटक त्यातलं गाजलेलं. भाषणाच्या बाजूला पुण्यात १८७५पासून वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि वक्तृत्व ही शिकायची, तासायची गोष्ट ठरली.

ही मराठी परंपरा नागपूरमार्गे छत्तीसगडात उतरली. भोसल्यांच्या राज्यापासून १९५६पर्यंत हा मुलूख नागपूरच्या कारभाराला जोडलेला होता, त्यामुळे नोकरी आणि शिक्षणाची ये-जा त्याच रस्त्यानं होई. माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं, पुढे नागपुरातून 'हिंदी केसरी' चालवलं आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. गजानन माधव मुक्तिबोध नागपूर आकाशवाणीच्या वृत्तविभागात होते. ऐकण्यासाठी लिहिणं म्हणजे काय, ते त्यांनी नोकरी करताना शिकलं असणार. १९५८मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. घरात मराठी बोलणारा हा माणूस हिंदीतला एक थोर कवी झाला, आणि त्याचा वर्ग भिलाईच्या शेजारच्याच गावात भरत होता.

भिलाई मात्र तेव्हा नुकती उभी राहत होती. सोव्हिएत सहकार्याचा करार १९५५चा, पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन फेब्रुवारी १९५९मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. देशभरातून माणसं आली, त्यांत विदर्भातली मराठी कुटुंबंही होती. नियोजित सेक्टर, रुंद रस्ते, कारखान्याचे भोंगे. भोवती मात्र शेकडो वर्षांची बोलती छत्तीसगडी होती.

तिथे नाचा हे लोकनाट्य रात्र रात्र चाले. नाचाला लिखित संहिता नसते. कथानकाचा सांगाडा ठरलेला, जोक्कड (विदूषक) आणि परी (स्त्रीवेषातला नट) ही पात्रं ठरलेली, बाकी सगळं समोर बसलेल्या गावाला पाहून बोललं जातं. महाभारत गाऊन सांगणाऱ्या पंडवानीतही असं चालतं, पण सगळीकडे नाही. तिच्या दोन शाखा आहेत. वेदमतीत गायक बसून ग्रंथाला धरून सांगतो. कापालिक शाखेत कथा स्मरणातून येते आणि गायक उभा राहून, पात्रांत शिरत ती रंगवतो. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी आजोबांकडून, ब्रजलाल पारधींकडून, महाभारत ऐकून उचललं आणि बाईमाणसानं बसूनच गायचं ही रीत मोडून उभ्यानं गायला सुरुवात केली. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचं धनुष्य. शेजारी रागी असतो. तो हुंकार भरतो, मध्येच प्रश्न टाकतो, आणि त्या प्रश्नावर कथा वळते. माझ्या मते संवादलेखनाचा इतका स्पष्ट धडा दुसरीकडे मिळत नाही : प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी कानासाठी आहे, आणि तो कान हातभर अंतरावर बसलेला आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंना भिलाई पोलाद कारखान्यानं नोकरी दिली, बिलासपूरच्या विद्यापीठानं मानद डी.लिट. दिली, २०१९मध्ये देशानं पद्मविभूषण दिलं.

आता नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर. या मागोव्यातला सगळ्यांत भरीव दुवा हाच. १९२३ साली रायपूरला जन्म, नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९४४मध्ये पदवी, मग मुंबईत आकाशवाणी आणि इप्टा ही नाट्यसंघटना, १९५५मध्ये लंडनची 'राडा' ही नाट्यसंस्था. म्हणजे संहितेचं उत्तम संस्थात्मक शिक्षण घेतलेला माणूस. १९५८मध्ये 'मिट्टी की गाडी'साठी त्यांनी नाचाचे सहा कलावंत दिल्लीला नेले आणि अनेक वर्षं अडखळत राहिले. नट असामान्य होते, पण हिंदीत संवाद बोलायचे आणि आखलेल्या जागी जाऊन उभं राहायचं म्हटलं की त्यांचा जीव हरवे. त्यांतल्या अनेकांना लिहितावाचता येत नव्हतं, आणि दिग्दर्शक त्यांना कागदावरच्या रेषांवर चालवू पाहत होता. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला तन्वीरांनी दोन्ही बंधनं काढून टाकली. नटांना छत्तीसगडीत बोलू दिलं, हवं तसं हलू दिलं. १९७३च्या रायपूर शिबिरातून 'गाँव के नाँव ससुरार, मोर नाँव दामाद' निघालं.

पुढचं शिबिर १९७४मध्ये भिलाईत झालं. विजयदान देथांची राजस्थानी लोककथा हाताशी होती : गुरूला गंमतीत दिलेली वचनं आणि खरं बोलण्याचा शब्द एक चोर मरेपर्यंत पाळतो. नट रोज बोलून बघत, प्रसंग जुळवत. शिबिराच्या शेवटी भिलाईच्या मैदानावर सतनामी समाजाचा मोठा मेळावा होता. 'सत्य हाच ईश्वर' हे या पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास यांचं मूळ सूत्र, आणि इथे खरं बोलण्यापायी मरणारा नायक. तन्वीरांनी अर्ध्याकच्च्या अवस्थेत, तासाभराच्या आतलं 'चोर चोर' त्या गर्दीसमोर उघड्यावर केलं. गर्दीला ते भिडलं. मग त्यात सतनाम्यांची पंथी नृत्यगीतं आली, प्रसंग वाढले, १९७५मध्ये 'चरणदास चोर' पूर्ण झालं, त्याच वर्षी श्याम बेनेगलांचा चित्रपट आला, १९८२ला एडिनबरा महोत्सवात 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार मिळाला. छापील संहिता, इंग्रजी अनुवाद, विद्यापीठांतलं अध्यापन हे सगळं त्यानंतर. जगभर वाचली जाणारी ही संहिता भिलाईच्या मैदानावर आधी ऐकली गेली.

भिलाईत भाषणाचीही वेगळी शाळा होती. कामगारनेते शंकर गुहा नियोगींनी दल्ली-राजहराच्या खाणकामगारांना आणि नंतर भिलाईच्या कंत्राटी मजुरांना संघटित केलं ते सभांमधून, आणि 'नवा अंजोर' या कलापथकाच्या गाण्यानाटकांतून. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतल्या घरात झोपेत त्यांची हत्या झाली. जिवाला धोका आहे हे ओळखून त्यांनी आपलं म्हणणं आधीच टेपवर बोलून ठेवलं होतं. ती ध्वनिफीत पुढे न्यायालयात पुरावा म्हणून ऐकवली गेली.

वर्गातल्या शिक्षणाला माझा विरोध नाही. रेघ मारून दोन रकाने करणं, सेकंद मोजणं, मसुदा चारदा फिरवणं हे शिकावंच लागतं. तन्वीरही लंडनमध्ये शिकले म्हणूनच काय सोडायचं ते त्यांना नेमकं कळलं. पण कागदापासून सुरुवात करणारा विद्यार्थी बहुधा वाचायचं वाक्य लिहितो, आणि ते वाक्य तोंडात बसत नाही. मंत्र्यांची कितीतरी भाषणं आणि मालिकांचे कितीतरी संवाद याच दोषानं निर्जीव झालेले आपण रोज ऐकतो.

१९५६पासून खैरागडला संगीत आणि कलांचं विद्यापीठ आहे, रायपूरला जनसंचाराचं, दुर्गला हेमचंद यादव विद्यापीठ. नाचाचे आणि पंडवानीचे जाणते कलावंत याच जिल्ह्यांत राहतात, आणि ते थकत चालले आहेत. भाषण आणि पटकथा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विनंती एवढीच आहे : पहिल्या सत्रात वही बंद ठेवा. विद्यार्थ्याला अशा कलावंताजवळ एक रात्र रागी म्हणून बसवा, ऐकलेलं ध्वनिमुद्रित करून घ्या, आणि त्याची पहिली संहिता त्या ध्वनिमुद्रणावरून उतरवून घ्या.